आधी भिजवावे, मग वाळवावे : मऊ लाकडाच्या टिकाऊपणाची कथा

माघ सरत आला की आपल्या भागात वाळवणाचे दिवस सुरू होतात. गच्च्यांवर पापड-कुरडया पडतात, कृष्णाकाठी हळदीची खळी पिवळी होतात, आणि तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूस बेदाण्याच्या शेडांत जाळ्यांवर द्राक्षे पसरली जातात. वस्तू वाळवावयाची म्हणजे ती उन्हात किंवा वाऱ्यावर टाकावयाची, एवढीच आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु हळदीचा शेतकरी काय करतो ते पाहावे. ओली हळकुंडे तो तशीच उन्हात टाकीत नाही. आधी ती काहिलीत अथवा वाफेवर शिजवतो आणि मग वाळत घालतो. बेदाणा करणारा द्राक्षांचे घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथिल ओलिएट मिसळलेल्या पाण्यात बुडवतो आणि मगच ते शेडमध्ये पसरतो. ज्यातले पाणी काढावयाचे त्यालाच आधी पाण्यात घालावयाचे, हा उलटा न्याय कसा?

न्याय उलटा नाही. हळकुंडातील जिवंत पेशी पाणी धरून ठेवतात. शिजवल्याने त्या मरतात, पिठूळ भाग फुगून सारखा होतो आणि पुढे आतबाहेर एकसारखे वाळणे शक्य होते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो; बुडवणीच्या द्रावणाने त्या थरात वाट पडते आणि आतील पाणी बाहेर येऊ लागते. म्हणजे वाळवण्याच्या कलेत ऊन-वारा हा उत्तरार्ध होय. पूर्वार्ध आहे तो वस्तूची दारे उघडण्याचा. सांगलीच्या बाजारपेठेला ही गोष्ट नवी नाही. पण लाकडाच्या बाबतीत हीच गोष्ट उमजावयास जगातील इंजिनियरांना आणि रसायनशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शंभर वर्षांचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो आपल्या सातारा-सांगलीच्या माणसाने ऐकण्यासारखा आहे, कारण आज आपल्या घराची चौकट, पलंग आणि मांडणी ज्या लाकडाची होऊ लागली आहे, ते लाकूड आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीचे नव्हते.

आपल्या पूर्वजांचा लाकडाविषयीचा सारा शहाणपणा निवडीत होता. वाईजवळ मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा आहे. अठराव्या शतकातले त्याचे लाकूडकाम आजही पाहावयास मिळते. अशा वाड्यांचे खांब आणि तुळया टिकल्या, त्या कोणी औषध पाजले म्हणून नव्हे. सागाच्या गाभ्यात निसर्गानेच असे पदार्थ भरून ठेवलेले असतात की वाळवीला आणि बुरशीला ते रुचत नाहीत. सुताराने एवढेच पाहावयाचे की लाकूड गाभ्याचे आहे, बाहेरचा पांढरा भाग तासून टाकला आहे आणि ते पुरेसे मुरले आहे. शेतकऱ्याच्या घरीही हीच रीत होती. गाडीच्या चाकाला बाभूळ, पाण्याशी संबंध असेल तेथे जांभूळ, घाटाकडे ऐन आणि फणस, असा प्रत्येक कामाचा आणि लाकडाचा संबंध ठरलेला होता.

मात्र निवडीचा हा शहाणपणा झाडे मुबलक असतील तोवरच चालतो. चांगले लाकूड अपुरे पडू शकते ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आला आहे. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, आणि एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच ते न्यावे, असा त्यातील विचाराचा आशय आहे. पुढे इंग्रजी अंमलात गोदी, छावण्या आणि जळण यांनी पश्चिम किनाऱ्यावरील रानांवर एवढा ताण आणला की १८४७ साली मुंबई सरकारला डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन यांना वनरक्षक म्हणून नेमावे लागले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी या देशात रेल्वे आली आणि लाकडाचा प्रश्न अगदी निराळ्या आकाराने पुढे उभा राहिला.

१६ एप्रिल १८५३ या दिवशी मुंबई-ठाणे गाडी धावली. रुळांखाली आडवे टाकावयाचे स्लीपर त्या काळी मुख्यतः लाकडाचेच. रुंद मापाच्या मार्गाला नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाडीचा एक स्लीपर, असे मैलाला सामान्यतः दोन हजार. मार्ग एकदा बांधून भागत नाही. स्लीपर कुजला की बदलावा लागतो. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने पुढच्या काही वर्षांत पुण्याहून कोरेगाव, कऱ्हाड, सांगली यांच्या बाजूने मिरजेपर्यंत लहान मापाचा मार्ग नेला. त्याचे स्लीपर सहा फुटांचे असत. तरीही एका मार्गाला किती झाडे लागली असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हा मार्ग १९७१ साली रुंद झाला आणि आता देशभर रुळांखाली सिमेंट-काँक्रीटचे स्लीपर आले आहेत. पण मधल्या शतकात रेल्वेच्या इंजिनियरांना एक प्रश्न सतत सतावीत होता : साग, साल, देवदार ही टिकाऊ लाकडे पुरत नाहीत, आणि जे स्वस्त लाकूड मिळते ते उन्हापावसात थोड्याच वर्षांत कुजते, मग स्वस्त लाकूड टिकाऊ करता येईल काय?

युरोपात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आधीच सुरुवात झाली होती. १८३२ साली इंग्लंडमध्ये कायन याने पाऱ्याच्या विषारी क्षारात लाकूड भिजवण्याचे पेटंट घेतले. १८३८ साली बर्नेट याने जस्ताचा क्षार पुढे आणला. फ्रान्समध्ये बुशरी नावाच्या डॉक्टराने त्याच सुमारास एक सुरेख युक्ती काढली : नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याच्या बुडाला उंचावरून मोरचुदाचे पाणी जोडावयाचे, म्हणजे झाडातला रस दुसऱ्या टोकाने बाहेर जातो आणि त्याची जागा औषध घेते. पण सर्वांत टिकाऊ ठरली ती १८३८ सालीच जॉन बेथेल याने पेटंट घेतलेली पद्धत. लोखंडाच्या मोठ्या नळकांड्यात लाकूड भरावयाचे, दार घट्ट बंद करून आतील हवा उपसून काढावयाची, मग दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारे क्रिओसोट नावाचे काळे तेल आत सोडावयाचे, आणि शेवटी पंपाने दाब देऊन ते तेल लाकडाच्या अंगात घुसवावयाचे. आजही लाकडाला दाबाने औषध पाजण्याच्या कारखान्यांत मूळ आराखडा बेथेलचाच आहे.

भारतातील पहिल्या रेल्वेमार्गांसाठी असे क्रिओसोट पाजलेले बाल्टिक प्रदेशातील पाइनचे स्लीपर इंग्लंडहून जहाजांतून आणले गेले. सागाच्या देशात परदेशी पाइन यावे ही त्या काळची विलक्षण गोष्ट होती. परंतु पाजलेल्या लाकडाविषयी एक तक्रार सर्वत्र होती. काही स्लीपर वीस-पंचवीस वर्षे टिकत, तर त्याच नळकांड्यातून निघालेले दुसरे काही बाहेरून काळेभोर आणि आतून पोकळ होत. कापून पाहिले तर औषध पाव इंचाच्या आत गेलेलेच नसे. एकाच जातीचे लाकूड, एकच औषध आणि एकच दाब असता हा भेद का पडावा?

पहिले कारण लवकर सापडले. ओले लाकूड पाण्याने भरलेले असते; भरलेल्या घागरीत तेल कसे ओतणार? म्हणून लाकूड आधी वाळले पाहिजे. १८७९ साली बोल्टन या इंग्रज कारखानदाराने ओले लाकूड गरम क्रिओसोटात ठेवून वरून हवा उपसण्याची तोड काढली. हवेचा दाब कमी असला म्हणजे पाणी शंभर अंशांच्या खालीच उकळते, आणि लाकूड न करपता त्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. ही युक्ती उपयोगी होती. पण अनेक ठिकाणी अनुभव असा आला की लाकूड चांगले खडखडीत वाळवले, तरी ते औषध घेईना. उलट काही जातींत वाळलेल्या लाकडापेक्षा ओल्या लाकडातूनच द्रव अधिक सहज जाई. येथे साधी समजूत कुंठित झाली.

हे कोडे समजण्यासाठी या लाकडाची घडण पाहिली पाहिजे. आपण ज्याला मऊ लाकूड म्हणतो आणि शास्त्रज्ञ ज्याला मृदुकाष्ठ म्हणतात, त्यांत फरक आहे. सावर मऊ असते, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना लागणारी तूणही हलकी आणि कोरीव कामाला सोपी असते. पण ही रुंद पानांची झाडे असल्याने शास्त्रज्ञ त्यांची गणना कठीणकाष्ठात करतात. मृदुकाष्ठ म्हणजे चीड, कैल, देवदार, पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचे लाकूड. ही झाडे सह्याद्रीच्या आपल्या रानांत निसर्गतः नाहीत. त्यांचे लाकूड मुख्यतः अतिसूक्ष्म, दोन्ही टोकांना बंद असलेल्या नळ्यांचे बनलेले असते. एकेक नळी तीन-चार मिलिमीटर लांब. एका नळीतून दुसरीत पाणी जावयाचे तर ते नळ्यांच्या भिंतींतील चिमुकल्या खिडक्यांतून जाते. प्रत्येक खिडकीत कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पडदा ताणलेला असतो, आणि पडद्याच्या मध्यभागी एक भरीव चकती असते. झाड जिवंत असताना चकती मधोमध तरंगते आणि जाळ्याच्या छिद्रांतून पाणी वाहते. लाकूड वाळू लागले की मागे हटणारे पाणी त्या चकतीला आपल्याबरोबर ओढते. चकती खिडकीच्या तोंडावर जाऊन बसते आणि तेथेच चिकटते. पंपातला पडदा जसा मिटावा, तशी ही खिडकी मिटते.

झाडाच्या दृष्टीने ही व्यवस्था जीव वाचवणारी आहे. फांदी मोडली अथवा एखाद्या नळीत हवा शिरली, तर ती शेजारच्या नळ्यांत पसरू नये म्हणून दारे आपोआप बंद होतात. पण कारखानदाराच्या दृष्टीने मोठीच पंचाईत झाली. औषध शिरावे म्हणून लाकूड वाळवावे, तर वाळतानाच दारे बंद होतात. आणि बाहेरच्या थरांत ती बंद झाली की आतले पाणीही सहज बाहेर पडत नाही. म्हणजे वाळणे आणि पिणे या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले.

ही गोष्ट प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय अमेरिकेतील हार्वर्डचे आयर्व्हिंग बेली यांस जाते. त्यांनी कोळशाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात कालवून, म्हणजे एका प्रकारे शाईच करून, ती ओल्या आणि वाळलेल्या लाकडातून जाऊ देऊन पाहिली, आणि १९१३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओल्या लाकडात कण पडद्यांतून पार होत. वाळलेल्यात ते अडून राहत. पुढे १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाती आला, आणि जर्मनीचे वाल्टर लीझे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्या जाळ्याचे तंतू आणि मिटलेली चकती प्रत्यक्ष छायाचित्रांत दाखवली. याच लीझे यांनी पुढे बांबूच्या अभ्यासाला आपले आयुष्य वाहिले.

इकडे आपल्या देशातही काम सुरू झाले होते. १९०६ साली डेहराडून येथे वन संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील पिअर्सन यांनी रेल्वेच्या स्लीपरांना औषध पाजण्याविषयीचा आपला विस्तृत अहवाल १९१२ साली प्रसिद्ध केला. पुढे पंजाबात बियास नदीकाठी धिलवान येथे हिमालयातील चीड-कैलच्या स्लीपरांना क्रिओसोट पाजण्याचा कारखाना उभा राहिला. हिमालयातले लाकूड नद्यांतून वाहवत मैदानात आणीत. म्हणजे कारखान्यात येण्यापूर्वी त्यातले पुष्कळसे पाण्यातून प्रवास करून येई. या पाण्यातल्या प्रवासाकडे आपणांस पुन्हा वळावयाचे आहे.

याच डेहराडूनच्या संस्थेत सोंटी कामेशम या आंध्र संशोधकाने १९३३ साली असे औषध शोधून काढले की ते पुढे जगभर गेले. क्रिओसोटाला वास येतो, ते अंगाला लागते, त्यावर रंग बसत नाही. पाण्यात विरघळणारे क्षार स्वच्छ असतात, पण पहिल्या पावसात धुऊन जातात. कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक म्हणजे सोमल, यांच्या क्षारांचा मेळ घातला. तांबे बुरशीला मारते, सोमल वाळवीला आवरतो, आणि क्रोमियमची करामत अशी की ते दोहोंना लाकडाच्या तंतूंत बांधून टाकते. पाण्यातून गेलेले औषध पुन्हा पाण्याने सहसा निघत नाही! आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याला ‘अ‍ॅस्क्यू’ हे नाव पडले. १९३८ साली त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले आणि तेथे टेलिफोनच्या खांबांसाठी ते ‘ग्रीनसॉल्ट’ या नावाने वापरले गेले. न्यूझीलंडसारख्या देशाने तर आपल्या लागवडीच्या पाइनवर जो लाकूडव्यवसाय उभारला, त्यात या औषधाचा वाटा फार मोठा आहे. पारतंत्र्यात, सरकारी प्रयोगशाळेत बसून एका भारतीयाने लावलेला शोध जगातील कुंपणांच्या, पुलांच्या आणि तारखांबांच्या अंगात भिनला. आपल्या शाळांतल्या पुस्तकांत मात्र त्याचे नाव क्वचितच आढळते.

औषध मिळाले, तरी दाराचा प्रश्न राहिलाच. पाइनचा बाहेरचा पांढरा भाग औषध सहज पितो, कारण त्याला आडव्या दिशेनेही वाटा असतात. पण स्प्रूस आणि फर ही जात हट्टी. म्हणून दारे उघडण्याचे नाना उपाय निघाले. पहिला उपाय सरळ जबरदस्तीचा : दातेरी रुळांतून फळी काढून तिच्या अंगावर बारीक चिरा पाडावयाच्या. यात औषध चिरेच्या खोलीपर्यंत खात्रीने जाते, पण फळी विद्रूप होते आणि थोडी दुबळीही होते. दुसरा उपाय वाफेचा. न्यूझीलंडमध्ये ओले पाइन वाफेवर शिजवून, थोडे थांबून, मग त्याला औषध पाजण्याची रीत रुळली. आपल्या हळदीची काहील आठवावी. तिसरा उपाय असा की वाळवूच नये : ओल्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या दाट द्रावणात बुडवून झाकून ठेवावयाच्या, म्हणजे लोणच्यात मीठ मुरते तसे औषध ओलाव्यातून आत मुरत जाते. घरातल्या लाकडाला हे उत्तम. उघड्या पावसात मात्र ते धुऊन जाते.

चौथा उपाय पाण्याचा, आणि तो सर्वांत जुना. ओंडके तळ्यात अथवा नदीत ठेवावेत, म्हणजे ते चिरत नाहीत आणि त्यांना किडा लागत नाही, हा अनुभव जगभरच्या लाकूडवाल्यांना होता. पण असे भिजलेले पाइन पुढे औषध भराभर का पिते, हे विसाव्या शतकात उलगडले. पाण्यातले जिवाणू लाकडाच्या बाहेरच्या भागात शिरतात आणि त्यातली सर्वांत कोवळी वस्तू, म्हणजे खिडकीतला तो पडदा, खाऊन टाकतात. भिंतींचे तंतू मोठ्या प्रमाणात शाबूत राहतात, म्हणून बळ फारसे कमी होत नाही. पण दारच नाहीसे झाल्याने वाळताना ते मिटण्याचा प्रश्न उरत नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात दक्षिण इंग्लंडवर वादळ आले. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये एका रात्रीच्या वादळाने सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले. एवढे लाकूड एकदम कापणे शक्य नसल्याने दोन्ही देशांत पुष्कळ ओंडके महिनोन् महिने पाण्याच्या फवाऱ्यांखाली साठवले गेले. अशा साठ्यांतून जिवाणूंची ही करणी मोठ्या प्रमाणावर दिसून आली. स्वित्झर्लंडमधील एम्पा या संस्थेत फ्रान्सिस श्वार्झे यांनी तर एक ठराविक बुरशी हट्टी लाकडात मर्यादित काळ वाढवून तिच्याकडून हीच दारे उघडून घेण्याचे प्रयोग केले. ज्या बुरशीपासून लाकूड वाचवावयाचे, तिच्याच एका बहिणीकडून लाकडाची तयारी करून घ्यावयाची, असा हा प्रकार आहे.

आता आपल्याकडे येऊ. बांबू तोडल्यावर ओढ्याच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावा, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, ही गोष्ट घाटाखाली-घाटावर जुनी माणसे सांगत आली आहेत. ती खरी आहे. भुंग्याला बांबूतील पिठूळ अंश हवा असतो आणि पाण्यात तो अंश पुष्कळसा निघून जातो. परंतु याच अनुभवातून ‘पाण्यात मुरलेले लाकूड कधी कुजत नाही’ असा जो सरसकट समज होतो, तो घातक आहे. पाणी दार उघडते. ते राखणदार नेमीत नाही. उघड्या दारातून औषध जसे सहज जाते, तसेच पावसाचे पाणीही सहज जाते. भिजवून वाळवलेले पण औषध न पाजलेले पाइन उघड्यावर वापरले, तर ते न भिजवलेल्यापेक्षा अधिक पाणी शोषते आणि लवकर कुजण्याचा संभव असतो. शिवाय गाभ्यातली दारे जिवाणूंनाही सहसा उघडता येत नाहीत. म्हणून भिजवणे, वाळवणे आणि औषध पाजणे ही एकाच कामाची अंगे आहेत. त्यांतले एक सोडले तर बाकीची वाया जातात, क्वचित अपायही करतात.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर हवेचाच फरक एवढा आहे की वाळण्याचा विचार टाळून चालत नाही. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि माण-जतकडे कसाबसा पाचशेच्या आसपास. हवेत आर्द्रता ९० टक्के असता लाकूड आपल्या वजनाच्या सुमारे २० टक्के ओलावा धरते; ३० टक्के असता तेच लाकूड ६ टक्क्यांवर येते. पाटणच्या पावसाळ्यात बसवलेली चौकट आणि जतच्या उन्हाळ्यात बसवलेली चौकट यांचे वागणे म्हणूनच वेगळे. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांखाली राहिला तर बुरशीला जगता येत नाही, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच.

या नियमाची आठवण २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आपणांस करून दिली आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगली शहराच्या पुष्कळ भागात दारे-खिडक्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. पुराचे पाणी ओसरल्यावर अनेकांनी घाईने रंगरंगोटी करून घेतली. वास्तविक लाकूड आठ दिवस पाण्यात राहिल्याने कुजत नसते. पाणी गेल्यावर महिनोन् महिने ओले राहिल्याने ते कुजते. अशा ओल्या दारावर तेलरंगाचा थर देणे म्हणजे आतले पाणी कोंडून ठेवणे होय. आधी गाळ धुवावा, दार सावलीत वारा लागेल असे उभे ठेवावे, पुरते वाळू द्यावे आणि मग रंग द्यावा.

या कथेची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. कामेशम यांच्या औषधाने कोट्यवधी झाडे तोडीतून वाचवली, कारण पाच वर्षांचा खांब तीस-चाळीस वर्षांचा झाला. पण त्यात सोमल आहे. तो लाकडात बांधलेला असला, तरी करवतीच्या भुशातून आणि जाळल्यास धुरातून व राखेतून तो मोकळा होतो. म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी अशा लाकडाचे उत्पादन थांबवण्यात आले, युरोपनेही पुढील वर्षी त्यावर कडक बंधने घातली, आणि घराजवळच्या कामासाठी तांब्याची, सोमल नसलेली औषधे पुढे आली. कामेशम यांच्या शोधाचे मोल याने कमी होत नाही. तथापि विष पाजून टिकवलेल्या वस्तूची जबाबदारी ती वापरून झाल्यावरही संपत नाही, हा धडा जगाला उशिरा मिळाला. हिरवट झाक असलेले जुने औषधी लाकूड चुलीत घालू नये आणि त्याची राख भाजीच्या वाफ्यात टाकू नये, एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असावे.

आज हा विषय दूरचा राहिलेला नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रानातील तोडीवर कडक निर्बंध घातले, आणि त्यानंतरच्या काळात परदेशी लाकडावरील आपला भर वाढत गेला. न्यूझीलंडचे पाइन कांडला बंदरात उतरते, तेथील गिरण्यांत कापले जाते आणि देशभरच्या वखारींत पोहोचते. यंत्रांबरोबर येणाऱ्या खोक्यांच्या फळ्यांतूनही पाइन आपल्या घरात येते. सागाची चौकट न परवडणारा माणूस हेच लाकूड घेतो, आणि त्यात त्याचे चुकत नाही. चांगल्या रीतीने वाळवलेले व औषध पाजलेले पाइन त्याच्या हयातीत त्याला दगा देणार नाही. पण ते तसे केलेले आहे काय, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही. सागाच्या काळात ती लागतही नव्हती, कारण सागाच्या गाभ्याची हमी झाडच देत होते. पाइनची हमी मात्र माणसाने द्यावयाची असते. खोक्यांच्या फळीवर ‘एचटी’ असा शिक्का असतो. तो पाहून लाकूड औषधी आहे असे अनेकांस वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की फळी ५६ अंशांवर अर्धा तास तापवून आतली कीड मारलेली आहे. पुढे लागणाऱ्या वाळवीशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही.

म्हणून वखारीत गेल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात. लाकडाचा ओलावा किती आहे? त्याला कोणते औषध पाजले आहे, आणि ते घरातल्या वापराचे आहे की उघड्यावरच्या? आणि सुताराने कापल्यावर जी ताजी टोके उघडी पडतात, त्यांना पुन्हा औषध लावले जाईल काय? या शेवटच्या प्रश्नाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. औषध बहुधा बाहेरच्या थरातच असते. चौकटीची खाच पाडली, खांबाचे टोक कापले, की आतील न पाजलेला भाग उघडा पडतो आणि वाळवी नेमकी तेथून शिरते. दोन रुपयांचा ब्रश आणि पेलाभर औषध यांच्या आळसाने हजारांची चौकट जाते. आपल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्याला माल हातात घेताच तो नीट शिजला-वाळला आहे की नाही हे कळते, कारण पिढ्यान् पिढ्या त्याने तो प्रश्न विचारला आहे. लाकडाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारण्यास आपल्या पिढीने आरंभ करावयास हवा.